डेमलोची चढण-उतरण

गणितात डोंबिवलीच्या नावाचे एक संख्याकुळ आहे, हे डोंबिवलीकरांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १, १२१, १२३२१ अशा चढून उतरणाऱ्या या संख्या. शेवटची १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे नऊ एक्क्यांच्या संख्येचा वर्ग. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना ही कल्पना जी.आय.पी. रेल्वेच्या 'डेमलो' स्टेशनात, म्हणजे आजच्या डोंबिवलीत सुचली, म्हणून या 'डेमलो संख्या'. कापरेकर १९०५ साली डहाणूत जन्मले, शाळा ठाण्यात शिकले आणि १९३० ते १९६२ देवळालीत मास्तरकी केली. त्यांचे काम करमणुकीचे गणित म्हणून बाजूला सारले गेले. मला ते पटत नाही. क्रमाची अट घातली की अफाट पसारा कसा मोजता येतो, हेच त्यात दिसते.

डेमलोची अट थोडी सैल करा. १ ते ९ मधले अंक कुठेही न थबकता चढत एका शिखराला जावेत आणि तसेच न थबकता उतरावेत, बस्स. अशा संख्या किती? शिखर ५ असेल तर १ ते ४ यांपैकी कोणते अंक चढणीवर घ्यायचे याचे १६ पर्याय, उतरणीवर तेवढेच, मिळून २५६. सर्व शिखरांची बेरीज ८७३८१.

कापरेकरांनी १९४९ साली मांडलेल्या ६१७४ मागेही हीच गंमत आहे. ३५२४ घ्या. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजा करा: ५४३२ उणे २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. तिथून हलत नाही. चारही अंक सारखे नसले की सात पायऱ्यांच्या आत हेच होते. कारण वजाबाकीचे उत्तर दोनच फरकांवर ठरते: मोठ्या-धाकट्या अंकांतला फरक आणि मधल्या दोघांतला. दुसरा फरक पहिल्याहून मोठा असूच शकत नाही. म्हणून सुरुवातीची शून्ये धरून होणाऱ्या ९९९० संख्या पहिल्याच पायरीला ५४ उत्तरांत गोळा होतात.

भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त 'अंकपाश' हे प्रकरणच दिले. शंकराच्या दहा हातांतल्या आयुधांची अदलाबदल ३६२८८०० प्रकारे होते, पण तिथे क्रमाची अट नव्हती. ती चौकटीवर कशी बसते ते पाहा. तीन गुणिले तीन घरांत १ ते ९ असे भरा, की प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे आणि प्रत्येक रकान्यात वरून खाली अंक वाढत जावेत. शाळेच्या ग्रुप फोटोत उंचीनुसार उभे करतात तसे. अटीविना ३६२८८० मांडण्या, अटीनंतर फक्त ४२. आल्फ्रेड यंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तक्त्यांसाठी फ्रेम, रॉबिन्सन आणि थ्रॉल यांनी १९५४ साली सूत्र दिले. प्रत्येक घरासाठी ते स्वतः, त्याच्या उजवीकडची आणि खालची घरे मोजा: पहिल्या ओळीत ५, ४, ३, दुसरीत ४, ३, २, तिसरीत ३, २, १. यांचा गुणाकार ८६४०. त्याने ३६२८८० ला भागले की ४२. चार गुणिले चारला हेच २४०२४ देते.

पण चौकटीचा डबा केला, तिसरी दिशा आली, की सूत्र संपते. दोन गुणिले दोन गुणिले दोन घरांत ४०३२० पैकी ४८ मांडण्या अट पाळतात, तेही मोजूनच कळते. सर्वसाधारण डब्यासाठी असे सुटसुटीत गुणाकाराचे सूत्र अजून कुणाच्या हाती लागलेले नाही.