तंबाखूवरील अळी व कीटकनाशकांची पारख

कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आणि शेजारच्या निपाणी भागात विडीच्या तंबाखूचे पीक घेतले जाते. या पिकाच्या रोपवाटिकेत पाने खाणारी अळी शिरली म्हणजे थोड्याच दिवसांत वाफे उजाड होतात आणि ऐन लावणीच्या वेळी रोपे विकत घेण्याची पाळी येते. अशा वेळी हाती येईल ते औषध फवारले जाते. परंतु एकाच औषधाच्या वारंवार वापराने ही कीड त्यास दाद देईनाशी होते. म्हणून औषधाचा गुण आधी थोड्या वाफ्यांवर पारखून घ्यावा.

किडीचा जीवनक्रम

मादी पतंग पानाच्या खालच्या बाजूस पुंजक्यांनी अंडी घालते व ती तपकिरी केसांनी झाकते. ३ ते ५ दिवसांत अळ्या बाहेर पडतात. त्या प्रथम एकत्र राहून पान खरवडतात; त्यामुळे पान जाळीदार दिसते. मोठ्या झाल्यावर त्या विखुरतात, दिवसा मातीच्या भेगांत लपतात व रात्री खातात. लहान अळी औषधाने लवकर मरते. मोठी सहसा मरत नाही. म्हणून चाचणीच्या सर्व वाफ्यांतील अळ्या सारख्या वाढीच्या असाव्यात.

चाचणीची रीत

सारखे ६ वाफे निवडावेत. चिठ्ठ्या टाकून ३ वाफ्यांवर औषध व ३ वाफ्यांवर नुसते पाणी फवारावे. पाण्याचे वाफे ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. कारण पाऊस, पक्षी व परोपजीवी कीटक यांमुळेही अळ्या कमी होतात. समजा, दोन्हीकडे प्रारंभी १०० अळ्या होत्या. फवारणीनंतर पाण्याच्या वाफ्यांत ८० व औषधाच्या वाफ्यांत २० उरल्या. येथे औषधाचा गुण ८० टक्के नव्हे, तर ७५ टक्के होय. कारण ८० पैकी ६० अळ्याच औषधाने कमी झाल्या. हिशेबाची ही रीत ॲबट या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९२५ साली मांडली.

मोजणी केव्हा करावी?

रासायनिक औषधाची मोजणी १ व ३ दिवसांनी करावी. अळीच्या विषाणूचा परिणाम दिसण्यास सुमारे आठवडा लागतो. घाईने मोजल्यास चांगले औषध निरुपयोगी ठरेल. निंबोळी अर्काने अळी लगेच मरत नाही, परंतु खाणे सोडते. तेथे मेलेल्या अळ्यांपेक्षा खाल्लेली पाने मोजावीत. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत १९६२ साली टोळांवर निंबोळीचा हाच गुण दिसून आला होता. ५ टक्के अर्कासाठी ५०० ग्रॅम निंबोळी पूड पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी व एकूण १० लिटर द्रावण करावे.

दक्षता

तंबाखूचे पानच विकले जाते. त्यावर विषाचा अंश राहता कामा नये. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला. एंडोसल्फानवर २०११ साली बंदी आली. म्हणून जुन्या शिफारशींवर विसंबू नये. या पिकासाठी मान्यता असलेलेच औषध, वेष्टनावरील प्रमाणात, हातमोजे व तोंडावर फडके बांधून फवारावे.

अंड्यांचे पुंजके व जाळीदार पाने रोज वेचून नष्ट केल्यास फवारणीची गरजच कमी पडते. वाफ्यांभोवती एरंड लावावा. पतंग त्यावर अंडी घालतात व ती वेचणे सोपे जाते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक चाचणी शेतकऱ्यांच्या समक्ष घ्यावी आणि मोजणी त्यांच्याच हातून करवावी.