‘फ्लॅट रिकामा आहे, पण आडनाव काय?’ : भाड्याच्या घराचा व्यवहार आणि आपले हक्क

मुंबई-आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत आता केवळ कांदा, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बाजाराचे गाव राहिलेले नाही. बाजार समितीत येणारे व्यापारी आणि त्यांचे कामगार, बँकांचे बदलीवर आलेले कर्मचारी, शिक्षक, कर्मवीर काकासाहेब वाघ महाविद्यालयातील विद्यार्थी, ओझरच्या एचएएलकडे जाणारे नोकरदार अशा सगळ्यांना इथे डोक्यावर छप्पर हवे असते. त्यामुळे नव्या अपार्टमेंटमध्ये भाड्याचे फ्लॅट हा चांगला धंदा झाला आहे. आपल्या समाजातील नोकरदार कुटुंबेही या बाजारात भाडेकरू म्हणून उतरतात. त्यातली अनेक जण आर्थिक ऐपत असूनही आडनावापाशी अडतात. म्हणून हा व्यवहार कसा चालतो आणि त्यात कायदा आपल्या बाजूने कुठे उभा आहे, हे आम्ही इथे मांडत आहोत.

जाहिरात काय सांगते, काय लपवते

गेटवर ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लागते. तोच मजकूर व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो किंवा एजंटाच्या वहीत जातो. ‘वन बीएचके, पाणी चोवीस तास, पार्किंग’ ही झाली सोय. ‘फॅमिलीलाच’, ‘शाकाहारींनाच’ ही झाली अट. फोन केला की तिसरा प्रश्न येतो, ‘आडनाव काय? मूळ गाव कोणते?’ उत्तर ऐकून समोरचा म्हणतो, ‘मालकांना विचारून सांगतो.’ संध्याकाळी कळते, फ्लॅट गेला. पाटी मात्र पुढचा महिनाभर तशीच लटकत असते.

मालकाला भाडेकरूचे उत्पन्न, घरात राहणाऱ्यांची संख्या, ओळखपत्र विचारण्याचा हक्क आहे. भाडे परवडेल का, हे पाहण्यातही गैर काही नाही. जात विचारून दार लावणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

हा अनुभव कोणाच्या मनाचा खेळ नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व परिसरात भाड्याच्या घरांचा अभ्यास करून तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या ओळखीच्या व्यक्तींनी घरांसाठी विचारणा केली, तेव्हा दलित आणि मुस्लिम ओळख सांगणाऱ्यांच्या वाट्याला नकार आणि जादा अटी आल्या.

नाव लपवून घर टिकते का?

आपल्यातील काही जण आडनाव बदलून सांगतात, बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत लावतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण हा मार्ग किती दूर नेतो, हे खुद्द बाबासाहेबांच्या अनुभवातून पाहावे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना कोणी घर देईना. पारशी नाव लिहून ते एका पारशी सरायमध्ये राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्याच दिवशी जागा सोडावी लागली. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. शेवटी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने त्यांनी मुंबई गाठली. खोट्या नावावर मिळालेले छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हाच त्याचा धडा.

आज तर ते शक्यही नाही. ऑनलाइन भाडेकरार आधार क्रमांकावर होतो आणि खरे नाव कागदावर येतेच. मग खऱ्या नावाने, पक्क्या कागदावरच व्यवहार करावा.

करार कसा असावा

आपल्याकडे होतो तो ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार, हा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. लेखी करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत.

खर्चाची भीती बाळगू नये. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. उदाहरणार्थ, दरमहा ६,००० रुपये भाडे, २०,००० रुपये अनामत आणि एक वर्षाची मुदत असेल, तर बेरीज ७४,००० रुपये आणि शुल्क १८५ रुपयांच्या आसपास. नोंदणी फी वेगळी. इतक्या कमी पैशांत अनामत रक्कम, मुदत आणि घर सोडण्याची नोटीस हे सगळे कागदावर पक्के होते. ‘उद्या रिकामे करा’ म्हणणाऱ्याला दाखवायला आपल्या हातात काहीतरी असते.

नकार जातीवरून असेल तर

नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ चे कलम ४ अनेकांना माहीत नसते. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास अडथळा आणणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही गुन्हा ठरला. इतरांशी सर्रास होणारा व्यवहार करण्यास नकार देणे, हे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत येते. कोणते कलम लागेल, ते पुराव्यावर ठरते.

‘बौद्ध झालो, आता हा कायदा आपल्याला नाही’ असेही काही जण समजतात. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा दर्जा मान्य झालेला आहे. जातीचा दाखला जवळ ठेवावा.

पुरावा असा जमवावा : जाहिरातीचा फोटो, मेसेज, स्वतःच्या फोनवरील संभाषण, तारीख आणि वेळ. नकारानंतर दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच फ्लॅटसाठी फोन करायला सांगावे. त्याला ‘या, बघून जा’ असे उत्तर मिळाले, तर मोठा दुवा हाती येतो. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी निफाडच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आपण मालक असू तेव्हा

समाजातील अनेकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले आहेत आणि ते भाड्याने दिले आहेत. त्यांच्या पाटीवर भाडे, अनामत रक्कम आणि सोयी एवढेच असावे. भटक्या-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम किंवा एकट्या राहणाऱ्या नोकरदार महिलेला नाव ऐकून परत पाठवू नये. याच नाशिक जिल्ह्यात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसे हक्कासाठी उभी राहिली. आपल्या मालकीच्या दारातून कोणाला जातीवरून परतावे लागू नये, एवढे तर आपल्या हातात आहे.