४०५ गुणांची खार
पोकेमॉनचे स्पर्धाशास्त्र : लेखांक ७

पोकेमॉनच्या स्पर्धात्मक खेळात एखादा प्राणी कमकुवत ठरतो तो बहुधा एका बेरजेमुळे. जीवनबळ, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग असे सहा मूळ गुणांक प्रत्येक प्राण्याला निर्मात्यांनीच नेमून दिलेले असतात, आणि या सहांची बेरीज, जिला खेळाडू 'बेस स्टॅट टोटल' म्हणतात, ती त्या प्राण्याच्या पात्रतेचा दाखला असल्यासारखी सर्वत्र पुढे केली जाते. गार्चॉम्प या ड्रॅगनची बेरीज ६०० आहे, ग्यारेडॉस या जलसर्पाची ५४०, आणि २००६ च्या 'डायमंड' व 'पर्ल' या खेळांतून प्रथम अवतरलेल्या, ३.९ किलो वजनाच्या पॅचिरिसू या विजेच्या खारीची अवघी ४०५. या बेरजेवर विसंबणाऱ्या खेळाडूने ही खार पथकात घेण्याचा विचारही करू नये. तरीही ऑगस्ट २०१४ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क याने जिंकली, तेव्हा त्याच्या सहा प्राण्यांच्या पथकात ग्यारेडॉस, गार्चॉम्प, गार्डेव्होअर, टॅलनफ्लेम आणि गॉथिटेल यांच्या शेजारी सहावी जागा याच खारीची होती.

या घटनेकडे एका मनस्वी खेळाडूची लहर म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे, आणि प्रेक्षकांनी खारीला डोक्यावर घेतले ते बहुतांशी त्याच भावनेने. कार्टून मालिकेत डॉन नावाच्या मुलीबरोबर वावरणारी, निळ्या पट्ट्याची ही गोंडस खार अजिंक्यपद स्पर्धेत पाहून कोणालाही कौतुक वाटणे स्वाभाविक होते. परंतु ती निवड लहर नव्हती. तिच्यामागचा हिशेब इतका काटेकोर होता, की पथकाची गरज आधी लिहून काढली आणि ती भागवू शकणारे प्राणी नंतर चाळले, तर त्या वर्षीच्या नियमांत उत्तर जवळजवळ पॅचिरिसू हेच येते. प्रस्तुत लेखांकात तो हिशेब उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

आरंभी स्पर्धेची चौकट ध्यानात घ्यावी लागते. अधिकृत स्पर्धांतील लढत दुहेरी असते. म्हणजे प्रत्येक खेळाडू आपल्या सहांपैकी चार प्राणी निवडतो आणि त्यांतील दोन एका वेळी मैदानात उतरवतो, आणि सर्व गणित ५० व्या पातळीवर होते. एकेरी लढतीत प्रत्येक प्राण्याला आपला भार स्वतःच वाहावा लागतो. दुहेरीत मात्र दोघांपैकी एकाने केवळ दुसऱ्यासाठी जागणे हेही पूर्णवेळ काम ठरू शकते. २०१४ च्या नियमांनुसार केवळ कालोस या प्रदेशाच्या सूचीतील प्राणीच चालत असल्याने निवडीचे क्षेत्र आणखी आक्रसले होते. रोटॉम, झॅपडॉस आणि मॅनेक्ट्रिक हे वीज फेकणारे प्राणी त्या क्षेत्रात ठायीठायी आढळत, आणि पाणी व उड्डाण अशा दोन प्रकारांच्या ग्यारेडॉसला विजेचा फटका चौपट बसतो. 'मेगा' रूप घेतल्यावर त्याचा प्रकार पाणी आणि अंधार असा बदलतो व चौपटीची दुप्पट होते, हे खरे. पण दुप्पट हा काही दिलासा नव्हे, शिवाय त्या रूपात कुस्ती, परी, कीटक यांच्या नव्या भीती पाठीशी लागतात. टॅलनफ्लेमलाही वीज दुप्पट लागते. पथकाची गरज अशी स्पष्ट होती : वीज स्वतःवर ओढून घेईल आणि घेऊनही मरणार नाही असा सोबती.

पॅचिरिसूची पहिली चाल 'फॉलो मी' ही आहे. ही चाल सामान्य हल्ल्यांच्या आधी लागू होते आणि त्या फेरीपुरते प्रतिस्पर्ध्याचे एकाच लक्ष्यावर रोखलेले सर्व हल्ले तिच्याकडे वळवते. तिची अंगभूत क्षमता 'व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब' अशी आहे, जिच्यामुळे विजेच्या हल्ल्याने इजा तर होत नाहीच, उलट जीवनबळाचा चौथा हिस्सा भरून येतो. या दोन गोष्टी सुट्या सुट्या पाहिल्या तर सामान्य आहेत. एकत्र आल्या, की ग्यारेडॉसवर सोडलेली वीज खारीच्या पोटात जाऊन तिचे औषध होते. प्रतिस्पर्ध्याला हे कळले तरी त्याच्यापुढे पर्याय चांगले नसतात, कारण वीज न वापरावी तर ग्यारेडॉस 'ड्रॅगन डान्स' करून हल्ला आणि वेग दीडपट करून घेणार, आणि दुसरे काही वापरावे तर तेही खारच झेलणार.

हे काम दुसऱ्या कोणी केले नसते काय, हा प्रश्न येथे रास्त आहे. त्या काळी असे वळवण्याचे काम करणारा लोकप्रिय प्राणी अमूंगस हा छत्रीच्या आकाराचा कवक होता आणि त्याची बेरीजही खारीपेक्षा अधिक, म्हणजे ४६४ आहे. पण त्याची 'रेज पावडर' ही चाल, नावाप्रमाणेच, एक भुकटी आहे आणि खेळांच्या त्या पिढीच्या नियमांपासून वनस्पती प्रकारच्या प्राण्यांवर भुकटी चालेनाशी झाली होती. त्याखेरीज अमूंगसला आग आणि उड्डाण हे दोन्ही हल्ले दुप्पट लागतात, आणि त्या वर्षी मैदान गाजवणारा टॅलनफ्लेम नेमके हेच दोन प्रकार घेऊन सर्वांच्या आधी झडप घालत असे. वीज प्रकारच्या खारीला उड्डाणाचा फटका निम्माच बसतो, पोलादाचाही निम्माच, आणि तिची दुखरी बाजू एकच : भूमी. आता गंमत अशी, की भूमी प्रकारचा सर्वांत प्रचलित हल्ला, 'अर्थक्वेक', सगळ्या मैदानावर एकदम पडतो. तो वळवताच येत नाही, आणि अनेकांवर पडत असल्यामुळे दुहेरी लढतीत त्याचे बळ पाऊणपट होते. म्हणजे ज्या एका हल्ल्याची तिला धास्ती, तो तिने ओढून घेण्याचा प्रसंगच क्वचित येतो, आणि आला तरी आधीच बोथट होऊन येतो.

तथापि सोशिकपणा नुसत्या प्रकारातून येत नाही. तो घडवावा लागतो. प्रत्येक प्राण्याला प्रशिक्षणातून मिळणाऱ्या गुणांना 'एफर्ट व्हॅल्यू' म्हणतात. त्यांची एकूण मर्यादा ५१० आणि एका गुणांकावरची २५२ असते, त्यामुळे दोनच गुणांक पूर्णपणे वाढवता येतात. पार्कने जीवनबळ आणि बचाव हे दोन निवडले आणि बचाव एक दशांशाने वाढवून विशेष हल्ला तितकाच घटवणारा 'इंपिश' हा स्वभाव पत्करला. ५० व्या पातळीवर या घडणीच्या खारीचे जीवनबळ १६७ आणि बचाव १३४ भरतो; काहीच न घडवलेल्या खारीचे हेच आकडे १३५ आणि ९० असतात. हल्ल्यासाठी पूर्ण तयार केलेल्या, हल्ल्याचा आकडा १८२ असलेल्या गार्चॉम्पने 'ड्रॅगन क्लॉ' मारला, तर न घडवलेल्या खारीचे ९३ ते १०९ गुण जातात आणि ती दुसऱ्या फटक्यात संपते. घडवलेल्या खारीचे मात्र ६१ ते ७३ च जातात. दोन फटके खाऊनही ती उभी राहते, इतकेच नव्हे तर जीवनबळ निम्म्याखाली घसरताच तिच्याजवळचे 'सिट्रस बेरी' हे फळ तिला ४१ गुण परत देते. त्याच गार्चॉम्पचा दोन लक्ष्यांवर पडणारा 'अर्थक्वेक', म्हणजे तिच्या एकमेव दुखऱ्या बाजूवरचा घाव, ११६ ते १३८ गुण नेतो आणि १६७ गुणांची खार तोही पचवते. ६०० गुणांच्या ड्रॅगनला ४०५ गुणांची खार एका घावात मारता येत नाही, ही गोष्ट बेरजेच्या तक्त्यात कोठेही दिसत नाही.

बेरजेचा मूळ दोष येथेच आहे. ती सहा गुणांकांना एकाच मोलाचे मानते, वास्तविक एखाद्या कामगिरीत त्यांतले दोन-तीनच लागतात आणि बाकीचे नुसते बाळगले जातात. पॅचिरिसूचे हल्ला आणि विशेष हल्ला हे दोन्ही गुणांक ४५ इतके क्षुल्लक आहेत, पण पार्कच्या योजनेत त्यांचा उपयोगच नव्हता. तिची 'सुपर फँग' ही चाल समोरच्याचे उरलेले जीवनबळ निम्मे करते, मग चावणारा दुबळा असो वा बलाढ्य. १८३ गुणांच्या गार्चॉम्पचे ९१ गुण ती एका चाव्यात नेते आणि उरलेले काम सोबत्यावर सोपवते. 'नझल' ही गाल घासण्याची चाल जेमतेम २० बळाची आहे, परंतु लागली की समोरच्याला हमखास लकवा भरतो, आणि त्या पिढीच्या नियमांत लकव्याने वेग एक चतुर्थांशावर येत असे. चौथी चाल 'प्रोटेक्ट', म्हणजे एका फेरीपुरता पूर्ण बचाव. चारही चालींत असे काहीही नाही ज्यासाठी खारीला स्वतःचे बळ लागावे. क्रिकेटमध्ये दिवसअखेरीस पाठवलेल्या नाइट वॉचमनने किती धावा केल्या, हे कोणी विचारीत नाही; त्याने किती चेंडू खेळून काढले आणि आतला फलंदाज सकाळपर्यंत सुरक्षित राहिला की नाही, एवढेच पाहतात.

अर्थात ही योजना अभेद्य नव्हती. 'सुपर फँग' दहापैकी एकदा हुकतो आणि भूत प्रकारच्या प्राण्यांवर मुळीच चालत नाही. 'नझल' भूमी प्रकारावर चालत नाही आणि वीज प्रकाराला लकवा भरत नाही. 'रॉक स्लाइड'सारखे दोघांवर पडणारे हल्ले 'फॉलो मी'ला जुमानत नाहीत. सोबती पडला, की खार एकटी काहीही जिंकून देऊ शकत नाही. म्हणून 'पॅचिरिसू हा चांगला प्राणी आहे' असे विधान २०१४ च्या विजयावरून काढणे हीदेखील बेरजेच्या तक्त्याइतकीच ढोबळ चूक होईल. त्या वर्षी, त्या नियमांत, त्या पाच सोबत्यांमध्ये ती योग्य होती, इतकेच म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे आहे.

कमी लेखलेल्या प्राण्यांच्या चर्चेत नेहमी पुढे येणारे दुसरे उदाहरण मात्र वेगळ्या जातीचे असून दोहोंची गल्लत केली जाते. पहिल्या पातळीचा रॅटाटा हा उंदीर, बेरीज २५३, जवळ 'फोकस सॅश' नावाची पट्टी. ही पट्टी पूर्ण जीवनबळ असताना बसलेल्या प्राणघातक फटक्यातून एक गुण शिल्लक ठेवते. उंदीर फटका खातो, एका गुणावर उरतो, मग 'एंडेव्हर' या चालीने समोरच्याचे जीवनबळ आपल्याइतके, म्हणजे एकावर आणतो आणि पुढच्या फेरीत सर्वांच्या आधी लागणाऱ्या 'क्विक अटॅक'ने त्याला संपवतो. योजना चतुर आहे यात वाद नाही. पण भूत प्रकारच्या प्राण्यावर ती चालत नाही, वाळूच्या वादळात उरलेला एक गुण आपोआप जातो, दोनदा लागणाऱ्या कोणत्याही हल्ल्याने ती कोलमडते, आणि मुख्य म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती ठाऊक नसण्यावरच तिची सारी मदार आहे. ही युक्ती होय. खारीची योजना ही रचना आहे. ती ठाऊक असूनही मोडून काढणे अवघड जाते. कमी लेखलेला प्राणी आणि अनपेक्षित प्राणी यांत एवढा भेद केला नाही, तर प्रत्येक गंमतशीर चमत्काराला रणनीतीचा मान द्यावा लागेल.

हा भेद पुढे नियमांनीच अधोरेखित केला. २०१४ मध्ये प्रतिस्पर्ध्याला फक्त सहा प्राणी दिसत, त्यांच्या चाली आणि वस्तू दिसत नसत. 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' या खेळांच्या काळात मात्र मोठ्या स्पर्धांत ही यादी दोन्ही पक्षांना आधीच खुली करण्याची पद्धत आली. अज्ञानावर जगणाऱ्या योजनांना त्या पद्धतीत जागा उरत नाही. भूमिकेवर उभ्या असलेल्या योजनांचे फारसे बिघडत नाही, कारण व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब कागदावर लिहिलेले असल्याने वीज कमी शोषली जात नाही.

पार्कचा धडा वाया गेला नव्हता, असे २०१६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील अजिंक्यपदावरून म्हणता येते. त्या वर्षी कायोगर आणि रेक्वाझा यांसारखे महाकाय प्राणी नियमांनी मोकळे केले होते. प्रायमल रूपातील कायोगरची बेरीज ७७० होते. विजेत्या वुल्फ ग्लिकच्या पथकात या दोघांबरोबर ४८५ गुणांचा रायचू होता, आणि त्याचे काम ओळखीचे होते : 'लाइटनिंग रॉड' या क्षमतेने एकाच लक्ष्यावर सोडलेली वीज स्वतःकडे ओढून पाण्याच्या महाकायाला मोकळे ठेवणे. दोन वर्षांनी, दुसऱ्या नियमांत, दुसऱ्या देशाच्या खेळाडूने तीच गरज ओळखली आणि ती पुन्हा एका लहान, विजेच्या, बेरजेत मागे पडलेल्या प्राण्याने भागवली.

पार्कच्या विजयानंतर त्याच घडणीची पॅचिरिसू खेळाडूंना अधिकृत भेट म्हणून वाटण्यात आली. पुढील लेखांकात संथपणालाच शस्त्र बनवणाऱ्या 'ट्रिक रूम' या चालीचा विचार केला जाईल. वाचकांनी तोवर टॉर्कोल या कोळशाच्या कासवाच्या वेगाचा मूळ गुणांक, म्हणजे २०, ध्यानात ठेवावा.