शेवटची फेरी: थीम पार्कमधली राइड बंद होते तेव्हा नेमकं काय बंद होतं?



मागच्या व्याख्यानात आपण मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या रथापाशी थांबलो होतो. दांडा म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, चाकं म्हणजेही रथ नाही. मग आपण ‘रथ’ म्हणतो ते कशाला? हा प्रश्न तसाच अर्धवट ठेवून मी तुम्हाला घरी पाठवलं. नंतर बाहेर चहा घेत होतो, तेव्हा एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांची मुलगी अमेरिकेत, फ्लोरिडात असते. या दोन-तीन महिन्यांत तिकडं जायचंय आणि नातवाला डिस्ने वर्ल्ड दाखवायचंय. मुलीनं पाठवलेली यादी त्यांच्या हातात होती: अमुक राइड कायमची बंद, तमुक दुरुस्तीला, तमुकचं रूप बदलणार. त्या म्हणाल्या, “सर, तुमचा रथ राहू द्या. हे लोक चांगल्या चाललेल्या गोष्टी बंद का करतात, तेवढं सांगा.”

मी ती यादी मागून घेतली. आजचं व्याख्यान त्या यादीवरच आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं यात काय काम, असं वाटेल कोणाला. पण रथ मला तिथंच सापडला.

आधी एक गोष्ट. अशा यादीत ‘बंद’ या एकाच शब्दाखाली निरनिराळे प्रकार कोंबलेले असतात. सर्वांत साधा प्रकार दुरुस्तीचा. पाण्यातल्या राइड्स वर्षातून काही दिवस रिकाम्या कराव्या लागतात, पंप-बोटी-नाल्या तपासाव्या लागतात. हे काम बहुधा गर्दी कमी असते तेव्हा काढतात. त्यात दुःख करण्यासारखं काही नाही. आपली लोकल रविवारी मेगाब्लॉक घेते, तसं ते. पण दुरुस्ती कधीकधी फार खोल जाते. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये बिग थंडर माउंटन नावाची खाणीतल्या आगगाडीची राइड आहे, १९७९ सालची. ती जानेवारी २०१३मध्ये बंद झाली आणि मार्च २०१४मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात काय केलं? जुना रूळ काढून टाकला आणि सगळा नवा बसवला. लोखंडावर तीस-पस्तीस वर्षं रोज शेकडो वेळा गाडी धावली की ते थकतं. धातूचा थकवा हा इंजिनिअर लोकांचाच शब्द आहे. फ्लोरिडातली याच नावाची राइडही जानेवारी २०२५मध्ये अशाच मोठ्या कामासाठी बंद झाली, ती २०२६मध्ये उघडायचं ठरलं होतं.

आता बघा. रूळ गेला, तरी लोक म्हणतात, “बिग थंडर परत सुरू झाली.” ‘नवीन राइड आली’ असं कोणी म्हणत नाही. वळणं तीच, उतार तोच, गोष्ट तीच. द्रव्य बदललं, आकार राहिला, आणि आपण तिला तीच राइड म्हटलं.

याच्या उलट प्रकार स्प्लॅश माउंटनचा. डिस्नेलँडमध्ये ही १९८९ साली सुरू झाली, फ्लोरिडात १९९२ साली. लाकडाच्या ओंडक्यासारखी बोट, पाण्यातून संथ फिरणं, आणि शेवटी सुमारे ५० फुटांवरून सरळ खाली. गोष्ट होती ससा, कोल्हा आणि अस्वलाची. ती घेतली होती डिस्नेच्याच १९४६ सालच्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातून. या चित्रपटानं अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवरच्या कृष्णवर्णीयांचं आयुष्य असं काही गोडगोड रंगवलं होतं, की तेव्हाच त्यावर टीका झाली, आणि अमेरिकेत कंपनीनं तो घरी बघण्यासाठी कधीच विक्रीला काढला नाही. म्हणजे चित्रपट कपाटात बंद आणि त्याचीच राइड बाहेर जोरात चालू! जून २०२०मध्ये कंपनीनं जाहीर केलं की ही गोष्ट काढून टाकणार. जानेवारी २०२३मध्ये फ्लोरिडातली राइड बंद झाली, त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातली. २०२४ साली दोन्ही ठिकाणी ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ उघडली. टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या, न्यू ऑर्लीन्सची.

डोंगर तोच, पाण्याचा मार्ग तोच, शेवटची उडी तीच. गोष्ट, गाणी, बाहुल्या नव्या. द्रव्य राहिलं, आकार बदलला. आणि इथं मात्र लोक म्हणाले, “आमची राइड गेली.” अगदी शेवटच्या दिवशी तासन्‌तास रांगा लागल्या. ॲरिस्टॉटल असता तर खूश झाला असता. वस्तूचं ‘ती-पण’ तिच्या सामानात नसतं, हे सामान्य माणसाला पुस्तक न वाचता कळतं.

टोकियोत तर तिसराच प्रकार चाललाय. तिथलं स्पेस माउंटन १९८३ साली पार्कबरोबरच उघडलं होतं. जुलै २०२४च्या अखेरीस ते बंद केलं आणि आता अख्खी इमारत नव्यानं बांधताहेत, २०२७ सालासाठी. नावात मात्र ‘स्पेस माउंटन’ राहणार. नागसेनाला हे दाखवायला हवं होतं. तो म्हणाला असता, राजा, मी दुसरं काय सांगत होतो?

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. चांगलं चाललेलं बंद का करतात?

माझ्या मते प्रश्नातच थोडी चूक आहे. थीम पार्क ‘पुरं’ झालंय, असं आपण धरून चालतो. वॉल्ट डिस्नेनं १९५५ साली पहिलं पार्क उघडलं, तेव्हापासून तो सांगत होता की हे कधी पुरं होणार नाही. त्याचं कारण मला आवडतं. चित्रपट एकदा प्रयोगशाळेत गेला की त्यातली चूक नंतर दिसली तरी हात लावता येत नाही. त्याला अशी एक गोष्ट हवी होती, जी जिवंत राहील, जिच्यात नंतरही बदल करता येतील. म्हणजे बदल हा मूळ कल्पनेतच होता. राइड म्हणजे देऊळ नव्हे. ती नाटकासारखी आहे. प्रयोग चालतात, पात्रं बदलतात, आणि एक दिवस नाटक बंद होतं.

सामानसुद्धा नाटक कंपनीसारखंच फिरतं. डिस्नेलँडमध्ये १९७४ ते १९८८ ‘अमेरिका सिंग्ज’ नावाचा कार्यक्रम होता, गाणाऱ्या यांत्रिक प्राण्यांचा. तो बंद झाल्यावर त्यातले बरेच प्राणी थेट स्प्लॅश माउंटनमध्ये नोकरीला लागले. ज्यांना स्प्लॅश माउंटन ‘मूळ’ आणि अस्सल वाटायचं, ते खरं तर दुसऱ्या कोणाच्या बंद झालेल्या खेळातल्या नटांना टाळ्या देत होते.

पण मंडळी, सगळंच मी इतक्या सहज सोडून देणार नाही. कारण यादीत शेवटी एक नोंद होती, तिथं मी अडलो.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ नावाची बनवलेली नदी होती, पार्क उघडलं त्या १९७१ सालापासूनची. मधे टॉम सॉयरचं बेट, आणि भोवती फिरणारी मजल्यांची वाफेची बोट, लिबर्टी बेल. बोट खरोखर वाफेवर चालायची, पण सुकाणू नावापुरतं. पाण्याखाली रूळ होता, त्यावरून ती जायची. काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो तेव्हा आम्ही गेलो होतो तिथं. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. मुलगी आणि नातू कुठल्याशा रांगेत उभे राहिले आणि मी बोटीत जाऊन बसलो. पंधरा-सतरा मिनिटांची फेरी. ना उडी, ना किंकाळी. वारा, पाणी, झाडं, लांबून येणारा लोकांचा आवाज. मी लागोपाठ तीन फेऱ्या केल्या. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, तेही उतरत नव्हतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो.

ती बोट, ते बेट, ती नदी ६ जुलै २०२५ रोजी शेवटची चालली. आता तिथं ‘कार्स’ या चित्रपटावर आधारलेला नवा भाग होतोय. कारण समजण्यासारखं आहे. नदी प्रचंड जागा खाते आणि तिच्यासाठी कोणी विमानाचं तिकीट काढून येत नाही. नव्या राइडसाठी येतात. हिशेब बरोबर आहे. पण हिशेबात जे मोजलं जात नाही, ते पुसलं जातं. जिथं रांग नव्हती, जिथं दमलेली माणसं बसायची, ती जागा ‘कमी वापरली जाणारी’ ठरते. खरं तर ती वापरलीच जात होती, विसाव्यासाठी. विसावा मोजायचा कसा, हे कोणत्याच व्यवस्थापनाला जमलेलं नाही. आमच्या विद्यापीठांनाही जमलं नव्हतं, ते असो.

कॅलिफोर्नियात दुसरं उत्तर सापडलं होतं. तिथली १९५५ सालची नदी जानेवारी २०१६मध्ये बंद केली, थोडी आखूड केली आणि जुलै २०१७मध्ये पुन्हा वाहती केली. वाचलेल्या जागेत ‘स्टार वॉर्स’चा भाग झाला, २०१९ साली. तिथली मार्क ट्वेन बोट आजही चालते. म्हणजे दोन्ही जमू शकतं. फ्लोरिडात तसं का केलं नाही, असं विचारण्याचा हक्क माझ्यासारख्या बोटीत बसणाऱ्याला आहे, असं मला वाटतं.

इथं दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, “मालकाची जागा, मालकाचा पैसा, तुम्ही एका दिवसाचं तिकीट काढलंत, रडता कशाला?” दुसरं म्हणतं, “आमचं बालपण तोडलं.” दोन्ही मला पटत नाहीत. दुसऱ्यातली अडचण स्प्लॅश माउंटननं दाखवली: जी गोष्ट तुमच्या बालपणाचा आनंद होती, ती दुसऱ्या कोणाच्या आजोबांची थट्टा असू शकते. आठवण खरी असते, पण ती सर्वांवर बंधन घालत नाही. पहिल्या मतातली अडचण वेगळी आहे. ही कंपनी तिकीट विकताना राइड विकत नाही, आठवण विकते. जाहिरातीत शब्दच तो असतो. जो आठवण विकतो, त्याला पुढं ‘तो फक्त व्यवहार होता’ म्हणता येत नाही.

मग देणं काय लागतं? राइड कायम ठेवणं नाही. माझ्या मते दोनच गोष्टी: आधी सांगणं आणि खरं कारण सांगणं.

आधी सांगण्यानं काय फरक पडतो, याचं उदाहरण न्यू जर्सीत आहे. सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमधला किंगडा का हा रोलर कोस्टर २००५ साली उघडला, ४५६ फूट उंच, तेव्हा जगातला सर्वांत उंच. नोव्हेंबर २०२४मध्ये मोसमातल्या शेवटच्या फेऱ्या झाल्या, आणि काही दिवसांनी जाहीर झालं की तो आता कायमचा बंद. २८ फेब्रुवारी २०२५ला सुरुंग लावून पाडलासुद्धा. शेवटच्या दिवशी जे बसले, त्यांना ती शेवटची फेरी आहे हे माहीत नव्हतं. चाहते चिडले ते पाडल्यावर नव्हे, न सांगितल्यावर.

आपल्याकडचंच बघा. गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, २०२२पासून बंद आहे. या सभागृहातले कितीजण तिथं गेले होते? ... बरेच हात आहेत. आता सांगा, त्याचा शेवटचा दिवस कोणता होता? ... एकही हात नाही. हेच म्हणतोय मी.

(श्रोत्यांमधून एकाने विचारले: सर, म्हणजे गणपती विसर्जनासारखं?) हो, तिथंच माझं मन गेलं होतं, पण मग मी थांबलो. विसर्जनाची तारीख मूर्ती आणतानाच ठाऊक असते आणि पुढच्या वर्षी परत आणायचं असतं. इथं ठेवतानाही तारीख माहीत नसते आणि परत येणंही नाही. हे घर विकण्यासारखं आहे. घर विकताना आपण काय करतो? एकदा सगळ्या खोल्यांतून फिरून येतो. तेवढी सवड मिळावी.

आणि काही वेळा जाणाऱ्याची खूण ठेवतात. फ्लोरिडातली ‘मिस्टर टोड’ची राइड १९९८ साली बंद झाली तेव्हा लोकांनी पार्कात जाऊन निषेध केला होता. उपयोग झाला नाही, तिथं ‘विनी द पू’ आलं. पण त्या नव्या राइडच्या भिंतीवर एक चित्र आहे: मिस्टर टोड घराचे कागद घुबडाच्या हातात देतोय. रीतसर खरेदीखत! मला ते फार सभ्यपणाचं वाटलं.

त्या बाईंच्या यादीतली आणखी एक नोंद राहिली. ॲनिमल किंगडममधली ‘डायनासोर’ राइड, १९९८ सालची. गोष्ट अशी, की आपण मागच्या काळात जाऊन एका डायनासोरला नष्ट होण्यापासून वाचवतो. १ फेब्रुवारी २०२६ हा तिचाच शेवटचा दिवस होता. त्या जागी इंडियाना जोन्स येणार, २०२७ साली. सांगाडा फार बदलावा लागणार नाही, कारण या राइडच्या गाड्या आणि रुळाची आखणी मुळात कॅलिफोर्नियातल्या इंडियाना जोन्सच्याच राइडसारखी आहे. तारीख आधी सांगितलेली आहे, तेव्हा माझी तक्रार नाही.

मी बाईंना म्हटलं, नातवाला डायनासोर आवडत असेल तर जानेवारीतच जा. त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. राइडला बसायला ४० इंच उंची लागायची. नातू दारात उभा राहिला, मुलीनं टेप लावली: साडेअडतीस. महिनाभरात दीड इंच काही वाढत नाही कोणी. “मग आता?” बाईंनी विचारलं. मी म्हटलं, २०२७मध्ये परत जा. तोवर तो उंच झालेला असेल, राइड दुसरीच असेल, आणि त्याला ती पहिलीच वाटेल.