रेडिओवरील वाहतूक-वृत्त कितपत उपयोगी?

भ्रमणध्वनीवरील नकाशा क्षणोक्षणी गर्दी दाखवीत असताना रेडिओवरील वाहतूक-वृत्ताची चालकांना गरज उरली आहे का? मुंबईपुरते बोलायचे, तर रोजच्या कोंडीसाठी फारशी नाही. वार्ता निवेदकापर्यंत पोहोचून प्रसारित होईपर्यंत कोंडी अनेकदा सुटलेली असते. शिवाय मुलुंडच्या चालकाला वांद्र्याची खबर काय कामाची?

नकाशा मात्र रस्त्यावरील भ्रमणध्वनींच्या वेगावरून गर्दी ताडतो. अंधेरी सबवे पाण्यामुळे थोड्याच वेळात बंद होणार आहे, हे वेगावरून उमगत नाही. पोलिसांचा असा निर्णय रेडिओ एकाच वेळी साऱ्या शहराला ऐकवू शकतो. खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नसली, तरी २०११ च्या धोरणानुसार वाहतुकीची माहिती ‘बातमी’ मानली जात नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईत भ्रमणध्वनी सेवा ठिकठिकाणी ठप्प झाली होती. तशा वेळी नकाशाला ताजी माहिती मिळणार नाही. प्रक्षेपण केंद्र चालू असेपर्यंत मोटारीतील रेडिओ मात्र बोलत राहील.