रिकामा ट्रेलर काय बोलतो
लेखमाला : पोलीस कुठे धावतात? (भाग ७)

मागच्या भागात नियंत्रण कक्षात आलेल्या फोनची प्रतवारी कशी होते ते पाहिलं. कुणाच्या फोनवर गाडी धावते आणि कुणाला ‘नोंद घेतली आहे’ एवढंच ऐकून गप्प बसावं लागतं, ते. आज त्या दुसऱ्या रांगेतला एक गुन्हा बघू. जागा आपल्याला जरा अनोळखी आहे: अमेरिकेचं वायव्य टोक, वॉशिंग्टन राज्य, आणि तिथले बोटी पाण्यात उतरवायचे रॅम्प.

मी हे रॅम्प पहिल्यांदा पाहिले ते मावसभावाकडे गेलो होतो तेव्हा. तो सिएटलच्या उत्तरेला राहतो. जुलैचे दिवस होते. पहाटे साडेचारला त्याने मला हलवून उठवलं, ‘चल, कुर्ल्या धरायला.’ अंगणातल्या ताडपत्रीखालची बोट ट्रेलरवर होतीच. ट्रेलर पिकअपला जोडला आणि अर्ध्या तासात आम्ही किनाऱ्यावर. काँक्रीटचा एक रुंद उतार सरळ पाण्यात शिरलेला. आपल्याकडे होडी पुळणीवर ओढतात नाहीतर धक्क्याला बांधून ठेवतात. इथे साध्या माणसाची बोट घरी राहते आणि शनिवार-रविवारी गाडीमागून समुद्राला भेटायला येते. तुम्ही ट्रक रिव्हर्स घेत ट्रेलर पाण्यात बुडवायचा, बोट तरंगली की तिचा पट्टा सोडायचा, दुसऱ्याने ती बाजूच्या धक्क्याला धरून ठेवायची आणि तुम्ही ट्रक वर नेऊन लावायचा. मागे दहा गाड्यांची रांग असते, त्यामुळे सगळं घाईत. नवख्याचा ट्रेलर वाकडा गेला की रांगेतल्यांची फुकटची करमणूक.

ट्रक लावून दादा परत आला तेव्हा मी विचारलं, ‘किल्ली?’

‘मडगार्डच्या आत. चुंबकाची डबी आहे.’

‘असं ठेवतात?’

‘मग काय करू? या किल्लीत सर्किट असतं. खारं पाणी लागलं की संपली. नवी करायला तीनशे-चारशे डॉलर.’

तो बोलत असताना आणखी दोघे आपापल्या ट्रकच्या चाकापाशी वाकलेले मला दिसत होते. मला दिसत होते, म्हणजे ज्याला बघायचंच आहे त्यालाही दिसत असणार. फोर्डच्या पुष्कळ गाड्यांना दारावर आकड्यांची पट्टी असते. किल्ली आत ठेवून आकड्यांनी दार बंद करता येतं. ती पट्टी नावाड्यांसाठी केली नसेल, पण त्यांच्याइतकं तिला दुवा देणारं दुसरं कुणी नसावं. बाकीच्यांचा भरवसा चाकावर, बंपरवर, नाहीतर देवावर.

दुपारी परतलो तर आमच्या ट्रकपासून तिसऱ्या गाडीखाली डांबरावर साबुदाणा सांडल्यासारखे काचेचे दाणे पसरलेले. म्हातारा-म्हातारी शेजारी उभे. डॅशबोर्डचा कप्पा उचकटलेला, कागद खाली, म्हातारीची पर्स नाही. पोलिसांना फोन झाला होता. तिकडून ऑनलाइन फॉर्म भरायला सांगितलं. त्याच वेळी रॅम्पच्या तोंडाशी गणवेशातला, कमरेला पिस्तूल असलेला एक अधिकारी येणाऱ्या प्रत्येक बोटीतल्या कुर्ल्या पट्टीने मोजत होता. डंजनेस जातीचा नर, कवच सव्वासहा इंच, माणशी पाच. म्हातारा त्याच्याकडे गेला. अधिकारी सौजन्याने आला, वाकून बघितलं, वहीत टिपलं, एक फोन नंबर दिला आणि पुढच्या बोटीची बादली बघायला परत गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तो त्याच कामासाठी आलेला होता. ते दृश्य मात्र माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

ही जागा चोराला इतकी का मानवते? लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये एक साधी मांडणी केली: चोरी व्हायला तीन गोष्टी एका वेळी एका जागी यायला लागतात. चोरायची इच्छा असलेला माणूस, चोरण्याजोगी वस्तू आणि राखणदाराची गैरहजेरी. रॅम्पवर यातली तिसरी गोष्ट चोराला शोधावीही लागत नाही. आपल्याकडे बंगल्याला बाहेरून कुलूप दिसलं, दारात चार दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली दिसली की जे कळतं, ते इथे ट्रकमागचा रिकामा ओला ट्रेलर सांगतो. मालक पाण्यावर आहे. तो किमान तीन-चार तास येणार नाही. तुम्ही काच फोडताना तो मागे वळून बघू शकला, तरी पोहत येण्याखेरीज त्याला उपाय नाही. मॉलच्या पार्किंगमधला मालक पाच मिनिटांतही उगवू शकतो. रॅम्पवरच्या मालकाला स्वतःची बोट परत आणून तिथेच, त्याच रांगेत, नंबर लावायचा असतो.

वर घबाडही चांगलं. बोट ओढायला दणकट गाडी लागते, आणि राष्ट्रीय विमा गुन्हे विभागाच्या 2022 च्या यादीत देशात सर्वाधिक चोरीला गेलेल्या गाड्यांत पहिल्या दोन जागा शेव्हरोले आणि फोर्डच्या मोठ्या पिकअपच्या होत्या. गाडी न्यायची नसेल तर खाली सरकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापता येतो. त्यातल्या पॅलेडियम-रोडियमला भाव आणि उंच ट्रकखाली जॅकसुद्धा लावावा लागत नाही. तेही नको असेल तर डॅशबोर्डचा कप्पा. त्यात गाडीचे नोंदणीचे कागद, कागदावर घराचा पत्ता आणि सन-व्हायझरला गॅरेज उघडायचं रिमोट. म्हणजे घरही उघडलं.

आता कायदा बघा, कारण इथे गंमत आहे. गाडीच नेली तर तो वॉशिंग्टनमध्ये ‘बी’ वर्गाचा गंभीर गुन्हा. पण चोरीच्या इराद्याने गाडीत शिरला तर त्याला तिथे ‘व्हेइकल प्राउलिंग’ म्हणतात, आणि त्याच्या दोन पायऱ्या आहेत. झोपायची किंवा स्वयंपाकाची सोय असलेल्या केबिनच्या बोटीत नाहीतर मोटारहोममध्ये शिरलात तर पहिली पायरी, गंभीर गुन्हा. साध्या कार-ट्रकमध्ये शिरलात तर दुसरी पायरी, तुलनेने किरकोळ. तिसऱ्यांदा शिक्षा झाली तरच तो गंभीर ठरतो. एकाच माणसाची बोट पाण्यात आणि ट्रक काठावर. चोर बोटीत सापडला तर कायदा डोळे वटारतो, ट्रकमध्ये सापडला तर चुकचुकतो. यामागचं तर्कशास्त्र चुकीचं नाही. जिथे माणूस झोपलेला असू शकतो ती जागा घरासारखी मानली आहे. पण त्या दुसऱ्या पायरीवर उतरला की गुन्हा पोलिसांच्या रांगेतही मागे सरकतो.

आणि रांग लांब आहे. दर हजार माणसांमागे पोलीस किती, या हिशेबात वॉशिंग्टन कित्येक वर्षं सगळ्या राज्यांत तळाला आहे. 2020 नंतर सिएटलच्या दलातून शेकड्यांनी माणसं गेली. अशा वेळी गोळीबार, मारहाण, अपघात यांच्यामागे फुटलेली काच उभी राहणार हे उघड आहे. मी अधिकारी असतो तर मीही तेच केलं असतं. माझी तक्रार त्या क्रमाबद्दल नाही. क्रम ज्या आकड्यांवरून लावला जातो ते आकडे रॅम्पवर लंगडे पडतात, तिथे माझं घोडं अडतं.

ते कसं? अमेरिकेत घरोघर जाऊन गुन्ह्यांची पाहणी होते, 1973 पासून. तीवरून दिसतं की मालमत्तेच्या गुन्ह्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पोलिसांपर्यंत जातात. गाडी चोरीला गेली तर मात्र बहुतेक जण कळवतात, कारण तक्रारीशिवाय विमा कंपनी दारात उभं करत नाही. फुटलेल्या काचेचं तसं नसतं. विम्यात पहिले पाचशे डॉलर स्वतःच्या खिशातून, अशी अट सर्रास असते. काच आणि पर्स मिळून त्याच्या आतच नुकसान. मग कशाला फॉर्म भरा? बोटवाला काच झाडतो, प्लॅस्टिक चिकटवतो, घरी जातो. नकाशावर त्या रॅम्पपाशी टिंब उमटत नाही. टिंब नाही म्हणून गस्त नाही, गस्त नाही म्हणून पुढच्या शनिवारी पुन्हा काच. भरलेल्या फॉर्मचंही फार काही होतं असं नाही: एफबीआयच्या आकड्यांनुसार 2022 मध्ये वाहनचोरीची दहातली एक तक्रारही धड उलगडली नाही. हे लोकांना आकडे न वाचताच माहीत असतं.

त्यात हद्दीचा घोळ. एक रॅम्प शहराच्या उद्यान खात्याचा, दुसरा बंदर प्राधिकरणाचा, तिसरा राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याचा, चौथा राज्य उद्यानांचा. राज्याच्या जागांवर गाडी लावायला 2011 पासून ‘डिस्कव्हर पास’ लागतो. तो आरशाला टांगायचा, नाही टांगला तर दंडाची चिठ्ठी. त्या वन्यजीव खात्याच्या पोलिसांना राज्यभर सगळ्या गुन्ह्यांत कारवाईचे पूर्ण अधिकार आहेत, हे आपल्या वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडच्या मत्स्य परवाना अधिकाऱ्यासारखे ते नव्हेत. पण माणसं थोडी, किनारा अफाट आणि त्यांचं मूळ काम मासा वाचवण्याचं. म्हणून रॅम्पवर पास तपासला जातो, कुर्ली मोजली जाते, परवाना बघितला जातो. गाडी कुणाची जबाबदारी हे मात्र त्या दिवशी तिथे कोण उभं आहे त्यावर.

सगळ्या राज्याचं राजकारण गेली काही वर्षं तापलं ते मात्र दुसऱ्याच मुद्द्यावर: पाठलाग. 2021 च्या कायद्याने पोलिसांनी गाडीमागे गाडी घालण्यावर कडक बंधनं आणली. हिंसक गुन्ह्याचा सबळ आधार हवा, किंवा चालक नशेत असल्याचा संशय हवा; नुसती चोरीची गाडी चालत नव्हती. कारण रास्त होतं, पाठलागात वाटेवरची माणसं मरतात. चोरांना ते कळलं, गाड्या थांबेनाशा झाल्या, अशी पोलिसांची ओरड. 2023 मध्ये कायदा थोडा सैल झाला, आणि 2024 मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने आलेला प्रस्ताव विधिमंडळाने मंजूर करून बराच मोकळा केला. यावर दोन्हीकडून तावातावाने बोललं गेलं. रॅम्पच्या दृष्टीने ते सगळं जवळजवळ गैरलागू होतं. पाठलाग करायला आधी कुणीतरी चोराला पळताना बघायला हवं ना! इथे चोरी झाल्याचं कळतं तेव्हा चोर जेवून झोपलेला असतो.

मग इलाज? 1995 मध्ये ख्रिस्तोफर कोपर या संशोधकाने मिनियापोलिसच्या गस्तीच्या नोंदी तपासल्या. पोलीस गाडी नुसती चक्कर मारून गेली तर परिणाम लगेच विरतो. साधारण पंधरा मिनिटं थांबली तर ती गेल्यावरही बराच वेळ जागा शांत राहते. त्याहून जास्त थांबण्याने फारसं काही वाढत नाही. पंधरा मिनिटं, आणि वेळ ठरलेली नको. रॅम्पसाठी याहून सोपं औषध मला दिसत नाही. कुर्ल्या मोजणारा अधिकारी मोजून झाल्यावर गाड्यांच्या रांगेतून चहाचा कप घेऊन एक फेरी मारेल, एवढाच खर्च. (चहा कसला, कॉफी. पण आपला तो मुद्दा नाही.)

दुसरा इलाज पोलिसांच्या हातातला नाहीच. ज्या खाडीत आम्ही कुर्ल्या धरत होतो तेच पाणी उत्तरेला कॅनडात जातं. तिथे 1 सप्टेंबर 2007 पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. खऱ्या किल्लीतला संकेत मिळाल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. अमेरिकेने सक्ती केली नाही. परिणाम 2022 मध्ये दिसला: ह्युंदाई आणि किआच्या काही गाड्या यूएसबी वायरच्या टोकाने सुरू करण्याचे व्हिडिओ पोरांनी पसरवले आणि शहराशहरांत त्या गाड्या उचलल्या जाऊ लागल्या. 2015 च्या मॉडेलांत या दोन कंपन्यांच्या अवघ्या 26 टक्के गाड्यांना इमोबिलायझर होता. इतर कंपन्यांत 96 टक्के. जानेवारी 2023 मध्ये सिएटल शहराने दोन्ही कंपन्यांवर दावाच लावला: तुमच्या बचतीचा बोजा आमच्या पोलिसांवर का? मला हा प्रश्न फार आवडला. स्थानिक पोलिसांची प्राथमिकता कुठल्या तरी कारखान्यातल्या हिशेबनीसाने आधीच ठरवलेली असू शकते, हे त्याने उघडं केलं. अर्थात मडगार्डमध्ये किल्ली ठेवणाऱ्याला इमोबिलायझर काय करणार, हे दादाला सांगून मी शिव्या खाल्ल्या आहेत.

आपल्याकडे फार वेगळं आहे असं नाही. सकाळच्या बोटीने जाणारे जेटीबाहेर बाइक लावतात, हँडल लॉक करतात आणि दिवसभर पलीकडे. मुंबई-मांडवा रो-रो 2020 पासून सुरू झाल्यावर गाडीच बोटीत नेण्याची सोय झाली, पण रोजच्या माणसाची दुचाकी अजून काठावरच असते. ती गेली की पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचा, काही महिन्यांनी ‘ए समरी’ मिळवायची, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही असा शेरा, आणि तो कागद घेऊन विमा कंपनीकडे. डिक्कीतून रेनकोट नाहीतर डबा गेला तर कोण ठाण्याची पायरी चढतं? तिथेही नकाशावर टिंब नाहीच.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्याच रॅम्पवर गेलो होतो. दादाने या वेळी किल्ली दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, तोंडाला रबर लावून गळ्यात अडकवली होती. पाण्यात उतरताना एक हात छातीवर. परत आलो तर ट्रक जागेवर, काच शाबूत. किल्ली काढली, पिशवीत अर्धा चमचा पाणी. दाराचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. मागे रांगेतून कुणीतरी हॉर्न वाजवला.

(पुढच्या भागात : कापलेला कन्व्हर्टर भंगारवाल्याकडे कसा पोचतो)