रुळांलगतच्या मुलांचं हाताचं शिक्षण

1888 साली आमच्या भागात दोन गोष्टी घडल्या. मुरगाव बंदरापासून घाट चढत आलेली रेल्वे कॅसलरॉकला पोहोचली आणि मिरज, हुबळी व वास्को या तीन दिशांना जोडणारं जंक्शन होण्याची आमच्या खानापूर तालुक्यातल्या लोंढ्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. खानापूर तालुक्यातल्या, बेळगावातल्या आणि पार निपाणीपर्यंतच्या मराठी मुलांच्या व्यवसाय-शिक्षणाचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते. यंत्र आमच्या दारात शाळेआधी आलं. काम शिकवणारी माणसंही यंत्राबरोबरच आली. ते शिक्षण शाळेच्या आत आणायचे प्रयत्न त्यानंतर अनेकदा झाले. त्यांतले कुठले टिकले आणि कुठले विरले, हे पाहिल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. या पट्ट्यात शिकण्याच्या जागांचा दुष्काळ कधीच नव्हता. त्या जागांची वाट दहावीच्या आधी, मुलाच्या घरच्या भाषेत दाखवणारं मात्र कुणी नव्हतं.

कारखाना हीच शाळा

सदर्न मराठा रेल्वेने हुबळीला कारखाना उभारला आणि रुळांलगतच्या गावांतल्या पोरांना नवी वाट सापडली. मुलगा खलाशी म्हणून लागायचा, मिस्त्रीच्या हाताखाली राबायचा. नजर तयार झाली की फिटर व्हायचा, बॉयलरवर जायचा किंवा इंजिनावर फायरमन म्हणून चढायचा. 1908 साली मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली, स्वातंत्र्यानंतर दक्षिण रेल्वे, पुढे दक्षिण मध्य आणि 2003 पासून हुबळी मुख्यालय असलेली नैऋत्य रेल्वे. पाट्या बदलत गेल्या, शिकण्याची रीत बरीच वर्षं तीच राहिली. मात्र ती वाट ओळखीची होती. बाप, मामा किंवा शेजारी रेल्वेत असेल तर पोराला कळायचं की कधी अर्ज करायचा आणि कुणाला भेटायचं. रुळांपासून आत, जंगलातल्या वाडीवरच्या मुलाला गाडीची शिट्टी ऐकू यायची, पण भरतीची खबर त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

बेळगावातल्या त्या किर्लोस्कर बंधूंपैकी लक्ष्मणरावांचा प्रवास याच काळातला. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मलेला हा मुलगा चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. काही रंग त्याला नीट ओळखता येत नाहीत, असं तिथे लक्षात आलं. मग तो यांत्रिक आरेखनाकडे वळला आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. आज ज्याला आपण करिअर मार्गदर्शन म्हणतो, त्याचा गाभा या एका आयुष्यात दिसतो. एक वाट बंद झाल्यावर मुलाच्या हातात उरलेलं कसब ओळखायचं आणि त्याला साजेशी दुसरी वाट त्याच्यासमोर ठेवायची. बेळगावला परतल्यावर लक्ष्मणरावांनी कडबा कापायचं यंत्र केलं, लोखंडी नांगर केला. कारखान्याची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठी सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. त्या माळावर आसपासच्या खेड्यांतल्या, शाळेत फार न रमलेल्या माणसांना हाताशी धरून कारागीर घडवले गेले. बेळगावच्या हातून तेव्हा एक कारखाना गेला आणि त्याबरोबर एक शाळाही गेली, असं मी मानतो.

वर्ध्याची टकळी, खानापूरचं चाक

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं आणि बाळासाहेब खेर तिथल्या सरकारचे प्रमुख होते. मूलोद्योगाच्या शाळा निघाल्या, टकळ्या आणि चरखे वर्गात आले. विचार थोर होता, पण सूत कातून झाल्यावर त्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर शाळेपाशी नव्हतं. हातकामाचा तास उरला आणि धंद्याशी असलेला धागा तुटला.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. खानापूरची माती चिकट, लालसर आणि भाजल्यावर टिकणारी. इथले कुंभार, इथल्या विटा आणि कौलं दूरवर ठाऊक आहेत. त्याच खानापुरात खादी व ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. माती मळण्यापासून चाकावर भांडं चढवणं, त्याला झिलई देणं आणि भट्टी लावणं असं सगळं तिथे शिकवलं जातं. देशभरातले कारागीर तिथे येऊन शिकून गेले. ज्या गावात जो धंदा जिवंत आहे, त्याचंच प्रशिक्षण तिथे दिलं की ते रुजतं, याचा याहून जवळचा दाखला आम्हाला नको. तरीही तालुक्यातल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी चार दिवस त्या चाकाशी बसणं हा अभ्यासक्रमाचा भाग कधी झाला नाही.

हद्दीच्या दोन बाजू

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. सीमाप्रश्नाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे त्याची एकच बाजू पाहायची आहे. मराठी मुलगा मराठीतून शिकत राहिला, पण त्याची दहावीची परीक्षा एसएसएलसी झाली आणि पुढच्या योजना दोन राजधान्यांमध्ये विभागल्या. कोठारी आयोगाने 1966 साली माध्यमिक स्तरावर व्यवसाय-शिक्षणाचा मोठा आग्रह धरला. कर्नाटकाने 1977-78 पासून पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) स्तरावर नोकरीभिमुख अभ्यासक्रम काढले. ते जेओसी या नावाने ओळखले जात. महाराष्ट्रात 1988 नंतर किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी आले. निपाणीच्या मुलाला हा दुभंग रोजच दिसतो. तो राहतो कर्नाटकात, आणि गावाला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज आहे कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाखाली. रस्ता ओलांडला की अभ्यासक्रम बदलतो, सवलती बदलतात, दाखल्यांचे नमुनेही बदलतात.

जेओसीचं पुढे जे झालं त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. विषय चांगले होते, पण शिकवणारे बहुतेक अर्धवेळ होते आणि कारखान्याशी नातं सैल होतं. त्या अर्धवेळ शिक्षकांना सरकारी सेवेत सामावून घेण्यासाठी 2011 साली राज्याला वेगळा कायदा करावा लागला. अभ्यासक्रम मात्र मागे पडले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिकचे 25 टक्के विद्यार्थी 1995 पर्यंत व्यवसाय-शाखेत आणायचं ठरवलं होतं. देशाला ते गाठता आलं नाही, मग सीमेवरच्या तालुक्याला वेगळा दोष काय द्यायचा!

याच काळात बेळगाव शहर मात्र शाळेची वाट न पाहता शिकत होतं. उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आणि लेथची शेडं वाढली, इंडालचा ॲल्युमिना कारखाना आला, हायड्रॉलिक्सचे पंप आणि व्हॉल्व्ह इथे बनू लागले. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यामुळे कारखान्यांत शिकाऊ जागा आल्या. खानापूर तालुक्यातली पोरं सकाळच्या गाडीने बेळगावला जाऊन लेथवर उभी राहिली. काही जण घाट उतरून गोव्यात वास्को, वेर्णा आणि फोंड्याला गेले. गावाकडे पैसे आले, घरांवर स्लॅब पडले. शाळेच्या वर्गात मात्र लेथचं नावही निघालं नाही.

पाबळची गोष्ट

शाळेत हे करता येतं, हे दाखवून दिलं पुणे जिल्ह्यातल्या पाबळने. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी घडवलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीसाठी आहे आणि महाराष्ट्रात एसएससीला त्याची परीक्षा देता येते. आठवड्यातला एक दिवस मुलं वर्ग सोडून कामाला लागतात. वेल्डिंग आणि बांधकाम, वीज आणि ऊर्जा, शेती आणि जनावरं, घर आणि आरोग्य या चारही अंगांना हात लावतात. शिकवणारी माणसं बहुधा तो धंदा करणारीच असतात. मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगी पडतं आणि गाव त्याचे पैसे मोजतं. कलबागांचं म्हणणं साधं होतं: काम करता करताच माणूस शिकतो आणि असं शिकलेला मुलगा गणितातही मागे राहत नाही. पाबळ आणि लोंढा यांच्या मधे मात्र राज्याची हद्द आहे. ज्या मराठीत तो विषय घडला, त्याच मराठीत शिकणाऱ्या आमच्या मुलांपर्यंत तो अभ्यासक्रमातून आला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

गेली दहा-बारा वर्षं

डिसेंबर 2013 मध्ये केंद्राने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा जाहीर केला आणि शाळेतल्या व्यवसाय-विषयांना पुन्हा चालना मिळाली. कर्नाटकातल्या निवडक सरकारी माध्यमिक शाळांमध्ये माहिती तंत्रज्ञान, रिटेल, ऑटोमोबाइल, हेल्थ केअर, ब्युटी अँड वेलनेस असे विषय आले. एसएससीप्रमाणेच एसएसएलसीच्या वेळापत्रकातही आता व्यवसाय-विषय दिसू लागले आहेत, तेही तृतीय भाषेच्या पेपरच्या दिवशी. 2020 च्या धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली. जून 2022 मध्ये राज्यातल्या, अद्ययावत केंद्रांत रूपांतर झालेल्या 150 आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था) देशाला अर्पण झाल्या. बेळगावात सरकारी टूल रूम व प्रशिक्षण केंद्र म्हणजे जीटीटीसी आहे. तिथे दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा करता येतो आणि त्याच्या शेवटी कारखान्यातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं. हत्तरगीला एक्वसच्या वसाहतीत 2009 पासून विमानांचे भाग बनतात. आमच्या मुलाला विमानाच्या सुट्या भागावर काम करायला आता बंगळूर गाठायची गरज उरलेली नाही.

पण ही वाट आत जाऊन पाहायला हवी. आयटीआयमधल्या फिटरच्या वर्गातले पहिले महिने घ्या. मुलाच्या हातात लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस. व्हाइसमध्ये ठोकळा आवळायचा, कानस दोन्ही हातांनी सरळ ढकलायची, परत आणताना दाब सोडायचा. मग गुण्या टेकवून ठोकळा उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड आला तर कोपरा अजून काटकोनात नाही, पुन्हा कानस. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात. पुढे दोन तुकडे एकमेकांत अचूक बसतील असं काम असतं आणि ते व्हर्नियरने मोजलं जातं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची किंमत ज्याला हाताने कळली, त्याला दशांश अपूर्णांक वेगळा शिकवावा लागत नाही. हे आठवीत का करता येऊ नये?

आता दुसरी गोष्ट पाहू. ही लोंढ्याच्या प्रत्येक घराला माहीत हवी. हुबळीच्या रेल्वे कारखान्यातल्या शिकाऊ जागांसाठी लेखी परीक्षा किंवा मुलाखत होत नाही. दहावीचे आणि आयटीआयचे गुण यांची सरासरी काढून गुणवत्ता यादी लागते. म्हणजे नववीत ज्याने 'मला तर आयटीआयच करायचंय, दहावीच्या टक्क्यांचं काय' असं म्हणून अभ्यास सोडला, त्याची जागा तिथेच गेली. त्याला ते कळतं आयटीआय संपल्यावर. शिकाऊ प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना रेल्वेच्या पहिल्या स्तरावरच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. सहायक लोको पायलटच्या भरतीला दहावी आणि ठराविक ट्रेडचा आयटीआय किंवा अभियांत्रिकी पदविका लागते, आणि ती परीक्षा मराठीतूनही देता येते. घाटात चढणाऱ्या मालगाडीकडे पाहत मोठी होणारी किती मुलं हे जाणतात?

किती मुली जाणतात, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. सातारच्या सुरेखा यादव यांनी कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलची पदविका घेतली, 1989 साली त्या सहायक चालक झाल्या आणि मार्च 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या. आमच्याकडे मुलींसाठी प्रशिक्षण म्हटलं की शिवण आणि नर्सिंग इथेच यादी थांबते. त्या कामांचा मान मोठाच आहे, पण यादी तेवढीच ठेवणं अन्याय आहे. लोंढा मार्गावर दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाची कामं झाली आणि होत आहेत. तारा, सिग्नल आणि उपकेंद्रं सांभाळायला इलेक्ट्रिशियन लागणार. त्यांत आमच्या मुली असायला हव्यात.

मागोव्यातून काय हाती येतं

सव्वाशेहून अधिक वर्षं मागे पाहिल्यावर जे टिकलं त्यात तीन गोष्टी सारख्या दिसतात. शिकवणारा स्वतः ते काम करणारा होता. शिकण्याची जागा खरोखर चालू असलेल्या धंद्याजवळ होती. आणि मुलाने केलेल्या कामाचा कुणाला तरी उपयोग होता. किर्लोस्करवाडी, खानापूरचं चाक, उद्यमबागेतली शेडं आणि पाबळ यांना या कसोट्या लागू पडतात. जिथे यांतली एकही गोष्ट नव्हती, तिथे योजना आली, फलक लागला आणि निधी संपल्यावर ती विसरली गेली.

म्हणून मला वाटतं, सीमाभागातल्या मराठी माध्यमिक शाळांनी नव्या योजनेची वाट पाहत बसू नये. आठवीच्या वर्षी मुलांना खानापूरच्या कुंभारकामाच्या संस्थेत, नववीत आयटीआय आणि जीटीटीसीत, दहावीच्या सुरुवातीला हुबळीच्या कारखान्यात न्यावं. गावातल्या निवृत्त रेल्वे फिटरला, वायरमनला, शिवणकाम करणाऱ्या ताईंना महिन्यातून दोनदा वर्गात बोलवावं आणि त्यांना मानधन द्यावं. कन्नड आणि इंग्रजीतून येणाऱ्या प्रवेशाच्या व शिष्यवृत्तीच्या सूचना शिक्षकांनी मराठीत लिहून शाळेच्या दारात लावाव्यात. त्याचबरोबर मुलांना कन्नडही आपुलकीने शिकवावी, कारण कारखान्यात ती रोज लागते. मंडळं आणि माजी विद्यार्थ्यांनी शाळेमागे एक बाक, दोन व्हाइस आणि कानशींचा एक संच उभा केला तरी सुरुवात होईल. हे सगळं दहावीचा निकाल लागण्याआधी व्हायला हवं, कारण निर्णयाची खरी वेळ नववीतच येते आणि आमची मुलं ती आजही नकळत गमावतात.